शिंप्याच्या घरची बालवाडी

गल्लीतले सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, आणि मास्तर स्वतः चौथीच्या पुढे शाळेत गेलेले नव्हते. शिंप्याला मास्तर म्हणायची रीतच आहे, त्यात कुणाची चूक नाही. पण वीस वर्षं नुसते नावाचे मास्तर राहिलेल्या या माणसावर एक दिवस खरोखर शिकवायची पाळी आली. विद्यार्थी एकच, तीही पोटची पोर. तिचं कागदावरचं नाव काहीही असो, सगळे तिला गुंडी म्हणत. रांगायला लागली तेव्हा दिसेल ती शर्टाची गुंडी ती तोंडात घालायची, आणि मास्तर हातातलं काम टाकून तिच्या गालात बोट घालून ती बाहेर काढायचे. त्या दिवसांतलं ते नाव.

झालं असं, की गुंडीची आई नर्स. तिला गल्ली सिस्टर म्हणते. गुंडी अडीच वर्षांची असताना सिस्टरना मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात कायमची जागा मिळाली, राहायला खोलीसकट. बसने तीन तास. अशी नोकरी सोडू नये, हे मास्तरच म्हणाले. सिस्टरच्या पाळ्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या, मग पोरीला तिकडे कोण बघणार? तेव्हा ठरलं, की सिस्टरनी आठवडाभर तिकडे राहायचं, शनिवारी यायचं, रविवारी संध्याकाळी परत जायचं. मास्तरांचं दुकान घरातच, पुढच्या खोलीत, म्हणून गुंडी बापाजवळ. "माझी गिऱ्हाइकं वडिलांपासूनची. ती सोडून मी कुठे जाणार?" असं मास्तर म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

आता लोक म्हणजे लोक. आई तिकडे आणि पोर बापाकडे म्हटल्यावर ज्याला त्याला सल्ला सुचायला लागला. पोरगी अर्धपोटी राहील, पोरगी मुलासारखी वाढेल, मास्तर कात्री चालवणार की वेण्या घालणार. उचलली जीभ, लावली टाळ्याला. यातल्या एकानेही कधी तासभर पोर सांभाळायला नेली नाही, हे मात्र मी छातीठोक सांगतो. वेणी मास्तर घालायचे, आणि चांगली घालायचे. ज्याला हातशिलाईत टाके एकसारखे घालता येतात, त्याला तीन पेडांचं काय भय?

पहिले सहा महिने मात्र मास्तरांच्या नाकी नऊ आले. खोलीत इस्त्री तापलेली, टाचण्या सांडलेल्या, मशीनचं चाक फिरतंय आणि पोर त्यातच बोट घालायला निघालेली. शेवटी मास्तरांनी खडूने मशीनभोवती जमिनीवर गोल काढला. पाय मारणं चालू असेल तोवर गुंडीने गोलाच्या आत यायचं नाही, पाय थांबला की यायचं. दोन दिवस रडारड झाली. तिसऱ्या दिवशी ती गोलाच्या कडेला बसून म्हणाली, "बाबा, थांब ना. मला तुझ्याशी बोलायचंय." मास्तरांनी पाय थांबवला. तेव्हापासून दोघांचं जमलं ते जमलंच.

शिकवायचं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. काम होतं, आणि पोर रिकामी होती, एवढंच. अंड्यांच्या खोक्यात तिने गुंड्या वेगळ्या करायच्या: दोन भोकांच्या इकडे, चार भोकांच्या तिकडे, कोटाच्या मोठ्या मागे. दोऱ्यांची रिळं फळीवर रंगाने लावायची, गडद खाली, फिके वर. खाकी कागद कापला की उरलेल्या तुकड्यांतून हा गोल, हा अर्धा गोल, हा कॉलर झाला. चार वर्षांची झाली तेव्हा तिला टेपवरचे साठपर्यंतचे आकडे ओळखता येत होते आणि लिहिताही यायला लागले होते, वाकडेतिकडे, पण वाचता येतील असे. चारचौघांत मास्तर बोलायचे नाहीत, पण आतून त्यांची छाती दोन इंच वाढली होती.

आणि मग आली वकीलसाहेबांची पँट.

वकीलसाहेब म्हणजे जुनं गिऱ्हाईक. दर वर्षी दोन पँटी शिवायचे, आणि दर वर्षी टेप कमरेला लागायच्या आधीच सांगायचे, "छत्तीस लिहा मास्तर. माझी छत्तीसच आहे." टेप म्हणायची एकोणचाळीस. आता मास्तरांनी काय करावं? खरं सांगावं तर माणूस दुखावतो, छत्तीस शिवावी तर पँट वर चढत नाही. म्हणून मास्तरांची वीस वर्षांची रीत अशी, की तोंडाने मोठ्यांदा "छत्तीस" म्हणायचं आणि वहीत मुकाट्याने एकोणचाळीस लिहायचं. वकीलसाहेब खूश, पँटही खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची.

फक्त आता वही गुंडीकडे असायची. माप घेताना ती स्टुलावर बसायची आणि मास्तर टेपवर खऱ्या आकड्यापाशी अंगठा ठेवून तिच्याकडे वळवायचे. पहिल्या वेळी ती गोंधळली. वकीलसाहेब गेल्यावर म्हणाली, "बाबा, तू चुकीचं बोललास."

"चुकीचं नाही गं. माणसाला बरं वाटेल ते तोंडाने बोलायचं. खरं काय ते कागदावर लिहायचं. कपडा कागदावरून शिवतात ना?"

गुंडीने मान हलवली. पोरीचं डोकं तेज, एकदा सांगितलं की बसलं. त्यानंतर पोस्टातल्या काकांची कंबर असो की बेकरीवाल्याचं पोट, तिने एकही माप बाहेर फुटू दिलं नाही. पोटात एक आणि ओठात एक ठेवणं मोठमोठ्यांना जमत नाही, ते या पोरीला साडेचार वर्षांत जमलं, आणि मास्तरांना त्याचं कौतुक वाटलं. मला विचाराल तर तिथेच माशी शिंकली होती, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

एका शनिवारी सिस्टर आल्या त्या नवीन बातमी घेऊन. हॉस्पिटलच्या आवारात तिथल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी बालवाडी होती, आणि तिच्यात एक जागा रिकामी झाली होती. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत मूल तिथे, आणि आईची रात्रपाळी असली तर झोपायचीही सोय.

"मी तिला घेऊन जाते," सिस्टर म्हणाल्या. "अहो, पुढच्या वर्षी शाळा सुरू होईल. चार मुलांत बसायची सवय नको का?"

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. "इथे काय कमी आहे? साठपर्यंत आकडे येतात तिला. त्या बालवाडीतल्या किती पोरांना येतात?"

"आकड्यांचं नाही म्हणत मी."

"मग कशाचं म्हणतेस?"

सिस्टर पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मास्तरांनी गुंडीला विचारलं, "तुला बाबाजवळ राहायचंय ना?" गुंडी म्हणाली, "हो." मग सिस्टरनी विचारलं, "आणि आईकडे यायचंय ना?" गुंडी म्हणाली, "हो." दोघांनाही आपापलं उत्तर मिळालं, आणि भांडण होतं तिथेच राहिलं.

शेवटी तोडगा निघाला. बालवाडीच्या मोठ्या बाई प्रत्येक मुलाला आधी भेटून बघत. त्यांनी म्हटलं की घरचं शिकवणं चांगलं चाललंय, तर गुंडी आणखी वर्षभर घरी. त्यांनी म्हटलं की हिला बालवाडीची गरज आहे, तर गुंडी आईकडे. दोघांनीही ते मान्य केलं. भेटीला तीन आठवडे होते.

त्या तीन आठवड्यांत मास्तरांनी जे केलं ते त्यांना शोभणारं नव्हतं, पण माणूस घाबरला की असंच करतो. त्यांनी बाजारातून चित्रांचं पुस्तक आणलं. रोज सकाळी गुंडीला समोर बसवून हा हत्ती, हा उंट, हत्ती मोठा की उंट, परत सांग. गुंड्यांची खोकी बंद, रिळं बंद. गुंडीला जांभया यायला लागल्या. ती उत्तर द्यायच्या आधी बापाच्या तोंडाकडे बघायची, आणि तोंड पडलेलं दिसलं की उत्तर बदलायची. पालथ्या घड्यावर पाणी चाललंय म्हणून मास्तर एक दिवस तिच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही. खडूच्या गोलाबाहेर जाऊन बसली, मशीन बंद होतं तरी. मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

भेटीच्या दिवशी पहाटेच्या बसने दोघं निघाले. दोन वर्षांत मास्तर त्या शहरात पहिल्यांदाच जात होते. नेहमी सिस्टरच यायच्या, त्यामुळे जायचं कधी कारणच पडलं नव्हतं. हॉस्पिटलच्या फाटकाशी सिस्टर पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये उभ्या होत्या.

बालवाडीच्या खोलीत सगळं बुटकं होतं. मास्तरांना बसायला मिळालेली खुर्ची गुडघ्याएवढी, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीला टेकायला आले. मोठ्या बाई पन्नाशीच्या, आवाजाने मऊ. त्यांच्या कोटाची एक बाही दुसरीपेक्षा अर्धा इंच लांब होती, ते मास्तरांनी बसायच्या आधीच पाहिलं. बाईंनी टेबलावर सहा पेन्सिली ठेवल्या.

"सांग बघू, किती आहेत?"

गुंडीने पेन्सिलींकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. मग अगदी अदबीने विचारलं, "तुम्हाला किती हव्यात?"

बाई हसल्या. "मला नकोत. तू सांग, आहेत किती?"

"पाच?" गुंडी बाईंचा चेहरा बघत म्हणाली. चेहऱ्यावर काही दिसेना, म्हणून म्हणाली, "आठ?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. साठपर्यंत आकडे येणारी पोर सहा पेन्सिलींपाशी अडली. बाईंनी मग दोन चेंडू दाखवले, मोठा कुठला म्हणून. गुंडीने विचारलं, "तुम्हाला कुठला आवडतो?" बाईंनी विचारलं, घरी बाबा शिकवतात ते आवडतं का. तिने बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, हो. इथे यायला आवडेल का? तिने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, हो. बाईंनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. मास्तरांना कळून चुकलं की पोरगी गेली आपल्या हातातून.

तेवढ्यात त्यांचं लक्ष टेबलाखाली गेलं. गुंडीच्या मांडीवर कागदाचा कपटा होता, आणि त्यावर पेन्सिलीने वाकडा पण स्पष्ट सहा लिहिलेला होता.

"बाई," मास्तर धडपडत उठले, "हे बघा. तिला येतंय. तिने लिहिलंय."

बाईंनी कपटा हातात घेतला. "मग बोलली का नाही?"

आता आली का पंचाईत. सांगावं तर आपलीच अब्रू जाते, न सांगावं तर पोर जाते. मास्तरांनी सांगून टाकलं. वकीलसाहेब, छत्तीस, एकोणचाळीस, सगळं. कान लाल झाले होते, पण काही झाकून ठेवलं नाही. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी गुंडीला कागद दिला आणि म्हणाल्या, "मला तोंडाने काही सांगू नकोस. लिही." आणि गुंडीने धडाधड लिहिलं. खिडक्या चार, खुर्च्या तेवीस. बाईंच्या हाताची लांबी तिने नुसत्या नजरेने बावीस लिहिली, बाईंनी मोजली तर साडेबावीस निघाली.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "माझ्या इथल्या मुलांपेक्षा ही पुढे आहे. घरचं शिकवणं उत्तम चाललंय. वर्षभर घरी ठेवलीत तरी माझी हरकत नाही."

मास्तर जिंकले होते. सिस्टरनी मान खाली घातली.

"फक्त एक विचारते," बाई पुढे म्हणाल्या, आता त्या हसत नव्हत्या. "तिला स्वतःला काय हवंय, ते ती कुणाला सांगते?"

मास्तरांनी गुंडीकडे पाहिलं. गुंडी पेन्सिली गोळा करून लांबीप्रमाणे लावत होती.

सिस्टरना वॉर्डात सही करायला जायचं होतं. बापलेक बाहेर बाकावर बसले. जिंकलेल्या माणसाला आनंद व्हायला हवा, पण मास्तरांना तो होत नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, "गुंडे, तुला खरंच बाबाजवळ राहायचंय का?"

"तुला बरं वाटेल का?"

"माझं सोड. मला काय वाटेल ते बघू नकोस. माझ्याकडे बघूच नकोस, समोर त्या झाडाकडे बघ आणि बोल. खरं माप पाहिजे मला."

गुंडीने झाडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई गेली ना, की माझ्या पोटात दुखतं."

"कधी?"

"दर रविवारी."

"दर रविवारी? मग मला का सांगितलं नाहीस कधी?"

"तू म्हणतोस ना, आपण दोघं मस्त मजेत राहू. मग मी हो म्हणते. मग तुला बरं वाटतं."

मास्तरांनी तिला जवळ ओढली. दोन वर्षं ज्या पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलं, तिने दोन वर्षं आपलं पोटदुखणं बापाला बरं वाटावं म्हणून गिळलं होतं. आणि हे तिला शिकवलं कुणी? दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोयच नव्हती. मास्तर भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्या बाकावर रडले.

"आणि तुझ्याकडून गेले, तर तुझ्यासाठी पण दुखेल," गुंडी झाडाकडे बघतच म्हणाली.

सिस्टर आल्या. मास्तरांचे लाल डोळे बघून त्या दोघांना आपल्या खोलीवर घेऊन गेल्या. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. मास्तर आत शिरले आणि दारातच थांबले. खोली बरी होती, उजेडाची, पण सामान सगळं एका बाजूला कोंबलेलं. पलंग, कपाट, शेगडी, टेबल, सगळं एका भिंतीला, इतकं दाटीवाटीने की कपाटाचं दार अर्धंच उघडत होतं. आणि खिडकीखालची जागा, खोलीतली सगळ्यात चांगली जागा, तिथे काहीच नव्हतं. फरशी पुसून स्वच्छ ठेवलेली.

शिंप्याच्या नजरेला टेप लागत नाही. तीन फूट बाय दीड, आणि बाजूला स्टूल बसेल एवढं.

"ही जागा रिकामी का ठेवलीस?" मास्तरांनी विचारलं.

सिस्टर पोरीची पिशवी भरत होत्या. बघितलं नाही त्यांनी. "असू दे. तुम्ही जिंकलात ना आज? बस चुकेल तुमची."

"अगं, मी विचारतोय."

"आल्या दिवसापासून रिकामी आहे," सिस्टर म्हणाल्या. "मशीनला उजेड लागतो ना."

"मग बोलली का नाहीस? दर आठवड्याला म्हणतेस, माझं तिकडे छान चाललंय, माझी काळजी करू नका."

"तुम्हाला तेच ऐकायचं होतं," सिस्टर म्हणाल्या, आणि हातातला फ्रॉक तोंडावर धरला.

वीस वर्षं गावभरच्या माणसांचं खोटं दोन बोटांच्या टेपने पकडणारा हा माणूस. घरातल्या दोन बायकांचं माप मात्र त्याने एकदाही घेतलं नव्हतं. मास्तर खिडकीखाली जाऊन उभे राहिले. खाली हॉस्पिटलचं आवार, डॉक्टर, नर्सा, वॉर्डबॉय, सगळे कोटात आणि युनिफॉर्ममध्ये, आणि निम्म्यांच्या बाह्या चुकलेल्या.

"हातात बत्तीस कपडे आहेत," ते हळूच म्हणाले. "ते देऊन टाकायला लागतील. महिना धर."

"शिंप्याचा महिना मला माहीत आहे," सिस्टर रडता रडता म्हणाल्या. "तारीख सांगा."

मास्तरांनी तारीख सांगितली. सिस्टरनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली आणि भोवती दोनदा गोल काढला.

"तोवर तू येत जा नेहमीसारखी," मास्तर म्हणाले आणि पिशवी उचलली. "चल गुंडे, बस आहे."

गुंडी हलली नाही. पलंगाच्या कडेला बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने बापाचा चेहरा पाहिला, मग आईचा. मग दोघांवरूनही नजर काढली आणि फरशीकडे बघत म्हणाली,

"मला आज जायचं नाहीये."

तिला कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांनी पिशवी खाली ठेवली.